बिनपावडरीचं गाव

राधाकृष्ण डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडाल आणि मला सोडून द्याल. मला सोडू नका. मी सत्तार, शेवगावच्या दवाखान्यातला कंपाउंडर. बाटल्या भरणं, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे माझं काम. त्रेचाळीस साली डॉक्टर सरकारच्या संशोधन खात्यातून नारूच्या कामासाठी आमच्याकडे आले आणि दवाखान्यानं त्यांच्या हाताखाली मला दिलं.

शहरातल्या माणसाला नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. पायाला फोड येतो, आगआग होते, फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड बाहेर काढतो. हात-दीड हात लांब असतो मेला. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा, महिना महिना. मध्येच तुटला की आत सडतो, सांधा धरतो, माणूस जन्माचा लंगडा होतो. आणि निघणार कधी, तर ऐन पेरणीच्या तोंडावर. आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांत तेव्हा अर्धं गाव ओट्यावर पाय लांब करून बसलेलं असायचं.

डॉक्टरांनी एकदा बारवेचं पाणी काचेवर घेऊन मला भिंगातून दाखवलं. खसखशीएवढे जीव टुणटुण उड्या मारत होते. म्हणाले, "नारूवाला पायाची आग थंड करायला बारवेच्या पायऱ्या उतरतो आणि पाय बुडवतो. त्याच्या फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात जातात, हे जीव ती गिळतात, बायका तेच पाणी घागरीत भरतात. पाणी प्यालं की बरोब्बर वर्षानं नारू बाहेर. दुहेरी फडक्यातून पाणी गाळून घेतलं की विषय संपला."

"एवढंच? मग आजच दवंडी देऊ की साहेब, पाणी गाळून प्या म्हणून!"

डॉक्टर हसले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला एक तक्ता लावला होता. एकाखाली एक देश. इंग्लंड, अमेरिका, रशिया, जर्मनी, जपान, आणि सगळ्यांत खाली हिंदुस्थान. प्रत्येक सरकार रोगांच्या संशोधनासाठी माणशी किती देतं, त्याचे आकडे. या तक्त्याचं त्यांना वेडच होतं. कलेक्टर येवो नाहीतर मामलेदार येवो, चहाच्या आधी तक्ता दाखवायचे. वरचे आकडे ते मोठ्यानं वाचायचे, आणि आपल्या रेघेपाशी आले की नुसतं बोट टेकवून गप्प राहायचे.

"तिथली सरकारं का देतात, सत्तार? कारण त्यांच्यापुढं पुरावा ठेवला जातो. तू दवंडी देशील, नारू कमी होईल. सरकार विचारेल, कशानं कमी झाला? पाऊस जास्त पडला असेल, लोक शहाणे झाले असतील. मग आपण काय तोंड दाखवायचं? म्हणून दोन गावं घ्यायची, सारख्या वस्तीची, सारख्या नारूची. एका बारवेत जंतू मारायची पावडर टाकायची, दुसरीत काहीच टाकायचं नाही. गाळण्याबद्दल दोन्हीकडं चकार शब्द काढायचा नाही. तीन वर्षं मोजायचं. मग सरकार नाही कसं म्हणेल? जिल्ह्यातल्या प्रत्येक बारवेला पावडर मिळेल, पायऱ्या बुजतील, रहाट बसतील."

"आणि बिनपावडरीच्या गावाचं काय, साहेब?"

"ते आजवर होतं तसंच राहील. आपण त्यांचं काही वाईट करत नाही."

मला तेव्हा हे पटलं. झक मारली आणि पटलं.

गावं ठरली ती बोधवाडी आणि चांदझिरी. चांदझिरीत माझी थोरली मुलगी मलिका दिली होती. जावई बाबाजान लष्करात मोटार चालवायचा, लढाईमुळं तिकडं बर्माच्या बाजूला होता. घरात मलिका, तिची सासू बिस्मिल्लाबी आणि मलिकाची पोर हसीना, एवढी तीनच माणसं. मलिकाला आधीच्या साली दोन नारू निघालेले मी माझ्या हातानं काढले होते. तेव्हा कोणत्या बारवेत पावडर टाकायची हे ठरायच्या आत मी हात जोडले.

"साहेब, चांदझिरीत टाका. माझी लेक तिथं आहे."

हे बोललो नसतो तर काय झालं असतं, देव जाणे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुझी माणसं ज्या गावात, तिथंच तू पावडर टाकणार आणि तूच मोजणार? इंग्लंडात असला कागद केराच्या टोपलीत टाकतात. पावडर बोधवाडीला."

इतका सचोटीचा माणूस! पावडर नाही पडली तरी माझी माणसं त्याच गावात राहणार आणि मोजणाराही मीच असणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. मीही ते दाखवून दिलं नाही. साहेबापुढं जास्त बोलायची आपल्याला सवय नाही.

पण बापाचं मन कुठं गप्प बसतंय! त्याच आठवड्यात माझ्या जुन्या फेट्याचा तुकडा घेऊन चांदझिरी गाठली. मलिकाला आणि तिच्या सासूला आत घेऊन बसलो, पाणी कसं गाळायचं ते दाखवलं, फडकं रोज उन्हात वाळवायला सांगितलं. मग मलिकाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. गावात कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, तुम्हाला मराठीत सांगतो. ती म्हणाली, "अब्बा, भागूबाईला तरी सांगू द्या."

भागूबाई म्हणजे भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. तिचा नवरा गहिनीनाथ, तीन एकराचा शेतकरी. त्या घरात दरसाल सगळ्यांना नारू. मलिका लग्न होऊन आली तेव्हा तिला चांदझिरीत एक माणूस ओळखीचं नव्हतं, या भागूबाईनं तिला पोटच्या लेकीसारखं धरलं. दोघी एकाच जात्यावर दळायच्या.

"भागूबाईलासुद्धा नाही."

"अहो, पण तिच्या घरात पाच माणसं आडवी होतात! एक फडकं तर आहे, अब्बा."

मी तिच्यावर हात उगारला. लग्न झालेल्या, लेकरवाळ्या मुलीवर. म्हणालो, "तू एकीला सांगशील, संध्याकाळपर्यंत पन्नास जणींना कळेल. डॉक्टरचं सगळं काम मातीत जाईल आणि मला घरी बसवतील. तुझ्या चार धाकट्या भावंडांना तू घालणार आहेस खायला?" ती उठली. मग हसीनाला कडेवर घेऊन बाहेर गेली, ती मी निघेपर्यंत आत आली नाही.

डॉक्टरांची मोजायची रीत सांगतो, कारण घोळ तिथंच झाला. दर वैशाखात मी घराघरात जाऊन माणसांचे पाय बघायचो, नारू मोजायचो, वहीत लिहायचो. घरी बसून आकडे लिहिले असं कुणी म्हणू नये म्हणून शेवटच्या दिवशी चावडीत सगळ्या गावासमोर ती वही वाचायची. घराचं नाव, माणसं किती, नारू किती. गावकऱ्यांनी ऐकायचं, चुकलं असेल तर सांगायचं, मग पाटलांनी सही करायची.

पहिल्या साली सगळ्या घरांसारखेच मलिकाच्या घरातही नारू निघाले, आधी प्यालेल्या पाण्याचे. पंचेचाळीसच्या वैशाखात मात्र चांदझिरीत एकशे चौऱ्याण्णव नारू मोजले आणि मलिकाच्या घरात एकही नव्हता. चावडीकडे जाताना माझ्या मनात आलं होतं, इथं एक लिहावा. एक आकडा, कुणाला कळणार होतं? पण मला काय भूत लागलं कोण जाणे. अहो, माझ्या लेकीच्या घरात एक नारू नाही! बापाला मस्ती आली. मी वाचत गेलो.

"गहिनीनाथ. माणसं सहा, नारू पाच." त्याच्या गुडघ्यात शिरलेला किडा तुटला होता, तो तर चावडीपर्यंत येऊसुद्धा शकला नव्हता.

"बाबाजान. हजर माणसं तीन. नारू निरंक."

"निरंक म्हंजी वो काय?" कुणीतरी विचारलं.

"म्हंजी एकालाबी न्हाई!" मी ठणकावून सांगितलं.

पुरुष नुसते माना डोलवत राहिले. चिंचेखाली बायका उभ्या होत्या, त्यांत भागूबाई होती. घोट्याला चिंधीनं काडी बांधलेली, काडीला नारू गुंडाळलेला. ती माझ्याकडे बघत होती. मग वळली आणि लंगडत घराकडे गेली. मी पाटलांची सही घेतली, वही पिशवीत टाकली आणि खुशीत शेवगावला आलो.

त्या वर्षात मी तीनदा चांदझिरीला गेलो. मलिका वाळली होती. विचारलं तर म्हणायची, बाबाजानचं पत्र येत नाही म्हणून घोर लागलाय. मी माठ बघितला, माठावर फडकं होतं. मला आणखी काय हवं होतं?

शेहेचाळीसच्या वैशाखात शेवटच्या मोजणीला गेलो. पहिलं घर, नारू नाही. दुसरं घर, नाही. पाचव्या घरात मला घाम फुटला. पंधरा घरं झाली, सगळी निरंक, आणि प्रत्येक घरात माठाच्या तोंडावर दुहेरी फडकं. तीन वर्षांचं काम पार बोंबललं होतं. मी भागूबाईच्या घरात शिरलो तो तणतणतच. गहिनीनाथ कोपऱ्यात बसला होता, त्याचा गेल्या सालचा गुडघा काठीसारखा ताठ झाला होता.

"हे फडक्याचं कुणी सांगितलं तुम्हाला? मलिकानं?"

"न्हाई," भागूबाई म्हणाली. "तिनं श्यबूद काडला न्हाई. तिनं सांगितलं आसतं तर काय पायजे हुतं, सत्तारभाई?"

"मग कसं कळलं?"

"तुमीच वाचलं की चावडीत. समद्या गावात नारू, अन् त्येवड्या घरात न्हाई. मी तशीच उठून तिच्या घरात ग्येले. माठाव फडकं. सासू म्हणली, नवस हाय. मी पोरीला इचारलं, तुला ठाव हुतं? ती खाली बगून रडाया लागली. व्हय म्हणली न्हाई, न्हाईबी म्हणली न्हाई. दोन सालं! माझ्या मालकाचा गुडगा ग्येला. सुनेच्या थानाला नारू निगाला, तान्ह्या लेकराचं दूद तुटलं. अन् ही बया रोज माझ्यासंग दळत हुती, माझ्या काडीकडं बगत हुती, अन् घरी जाऊन गाळून पीत हुती!"

मी म्हणालो, "तिची चूक नाही, मी शपथ घातली होती."

"तुमची लेक हाय. तुमी घातली, तिनं पाळली." भागूबाईचा आवाज चढला नाही, हेच मला सहन होईना. "मंग बायकांनी ठरिवलं. पाऊस पडंस्तोवर तिनं रोज सकाळी बारवंवर यायाचं, समद्यांम्होरं त्येच पाणी येक तांब्या प्यायाचं. न गाळता. न्हाई आली तर त्या घराला बारव बंद. पैल्या दिशी सासूनंच हाताला धरून आणली. मागनं आपली आपुन यायाची. ओकायची, तर म्या दुसरा तांब्या भरायचे."

"तू भरायचीस?"

"म्याच. पस्तीस दिस."

मला तिचा गळा धरावासा वाटला. पण शिवीसुद्धा तोंडातून निघाली नाही, कारण कोपऱ्यात गहिनीनाथ माझ्याकडे बघत बसला होता.

भिंतीपलीकडं मलिका अंथरुणावर होती. चार नारू. दोन पायांत, एक मांडीत, एक उजव्या गुडघ्यात. गुडघ्यातला सासूनं घाईनं ओढला, तो तुटला होता. गुडघा भोपळ्याएवढा झालेला, अंगात भट्टीसारखा ताप. बिस्मिल्लाबी पदरात तोंड खुपसून बसली. मला बघून मलिका उठायला गेली, तिला जमलं नाही.

"अब्बा, मी कुणालाच सांगितलं नाही हं. तुमची शपथ मोडली नाही."

अरे, मोडायची होतीस ना! मी तिथंच कपाळ बडवून घेतलं. ती माझंच सांत्वन करायला लागली, वर मला म्हणते, भागूबाईला काही बोलू नका.

बैलगाडीत घालून तिला शेवगावला आणलं. डॉक्टर सरकारला पाठवायचा शेवटचा अहवाल लिहीत बसले होते, तक्ता भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतला होता. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं ओकलो. फडकं, शपथ, चावडी, तांब्या, सगळं. ते पांढरेफटक पडले. मग टेबलावर मूठ आपटली.

"तीन वर्षं, सत्तार! बोधवाडीत नारू कमी आणि चांदझिरीतही कमी! आता पावडरीचा गुण मी दाखवू कशानं? गाढवा, काय केलंस हे!"

"साहेब, पोरीला बघा आधी."

त्यांनी बघितलं. गुडघा कापून पू काढला, हात हलका होता त्यांचा. सल्फाच्या गोळ्या दिल्या. पेनिसिलिनसाठी पुण्याला तार केली. "अमेरिकेत सरकारनं मनावर घेतलं आणि पेनिसिलिनचे कारखाने उभे राहिले," हे मलिकाच्या उशाशी उभं राहूनही बोललेच. पट्टी बांधता बांधता मध्येच थांबले.

"ती किती दिवस प्याली म्हणालास?"

"पस्तीस."

"रोज एक तांब्या? सगळ्यांसमोर? आणि तेव्हापासून बाकीचं गाव गाळूनच पितंय? घरातल्या दोघींना काही नाही?"

"नाही साहेब."

त्यांचे डोळे चमकले, खोटं सांगत नाही. "सत्तार, अरे, सगळं गाव गाळून प्यालं आणि कोणालाच नाही, एकटी ही बिनगाळलेलं प्याली आणि एकट्या हिलाच! असा प्रयोग करायला जगातलं कुठलंही सरकार मला परवानगी देणार नाही. आपला अहवाल तरला!" ते माझ्या खांद्यावर थोपटत होते. आत माझी पोर कण्हत होती. मी त्यांचा हात झटकला नाही. सल्फाच्या गोळ्यांची बाटली त्यांच्याकडं होती.

तार गेली तशी गेली, उत्तर आलं नाही. अकराव्या दिवशी मलिका गेली. तिच्या पायांतून निघालेले दोन अख्खे नारू डॉक्टरांनी स्पिरिटात घालून ठेवले होते. अहवालाबरोबर पाठवायचे म्हणून त्या बाटलीच्या बुचाला मेण मीच लावलं. मीच, दुसरं कोण लावणार? ते कामच माझं होतं.

अहवाल इंग्रजीत होता, डॉक्टरांनी मला मराठीत सांगितला. आधी देशोदेशीचा तक्ता, मग बोधवाडीचे आकडे, मग चांदझिरी. "एक स्त्री, वय बावीस." नाव नव्हतं. मी म्हणालो, साहेब, नाव घाला. ते म्हणाले, अशा कागदात नाव घालत नाहीत, कुठल्याच देशात.

सत्तेचाळीसच्या संक्रांतीनंतर सरकारचं उत्तर आलं. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्चीत बसून एकेक ओळ मला मराठीत सांगितली. दोन्ही गावांत नारू सारखाच घटला आहे, तेव्हा तो आपोआप घटत असावा. पावडरीचा उपयोग सिद्ध होत नाही. आपण परदेशांचे आकडे दिले आहेत, परंतु तेथील सरकारे शेकडो रोग्यांवरील पुरावा पाहून मदत देतात. येथे उदाहरण एकाच स्त्रीचे आहे. एका स्त्रीवरून काहीही ठरवता येत नाही. सबब मदत बंद करण्यात येत आहे.

बोधवाडीची पावडर त्याच महिन्यात थांबली. पण ते नंतरचं. त्या वेळी डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्या लेकीसाठी नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"आणखी चार-पाच जणी तरी असायला हव्या होत्या रे, सत्तार," ते म्हणाले.

त्याच वेळी त्यांच्या तोंडात मारायला हवी होती. पण खरं सांगू? मला आधी चांदझिरीच्या बायका आठवल्या. भागूबाई आठवली, तिची सून आठवली, आणि मनात आलं, यांनाही पाजलं असतं तर माझी मलिका फुकट गेली नसती. मी मान हलवली आणि म्हणालो, "व्हय साहेब, हव्या होत्या."